पथ्य कोणी पाळावे?

‘डॅनिश पेस्ट्री’ हे नाव खुद्द डेन्मार्कमध्ये चालत नाही. तेथे या पदार्थास ‘व्हिएन्नाचा पाव’ म्हणतात, आणि व्हिएन्नात त्याची ओळख कोपनहेगनच्या नावाने! १८५० च्या सुमारास डॅनिश बेकरी कामगारांनी संप केला, तेव्हा ऑस्ट्रियातून आलेल्या कारागिरांनी ही विद्या तेथे रुजविली, असे सांगतात. यीस्टने फुगविलेल्या मैद्याच्या पोळीत लोणी ठेवून तीनदा तिहेरी घडी घातली की २७ पदर होतात. भट्टीत पाण्याची वाफ होऊन ते सुटे होतात.

आपणा डॉक्टर मंडळींना या खाऊत रस असावा तो निराळ्या कारणाने. लोणी महाग, म्हणून अनेक ठिकाणी त्याची जागा मार्गारिनने घेतली. अंशतः हायड्रोजनीकरण केलेल्या तेलांतील ट्रान्स फॅट एलडीएल वाढविते आणि एचडीएल घटविते. १९९३ साली विलेट व त्यांच्या सहकाऱ्यांचा परिचारिकांवरील अभ्यास ‘लॅन्सेट’मध्ये आला आणि हृदयविकाराशी असलेला त्याचा संबंध जगापुढे आला. डेन्मार्कमध्ये स्टीन स्टेंडर यांच्यासारख्या वैद्यक संशोधकांनी तो विषय लावून धरला. २००३ साली तेथे कायदा झाला: १०० ग्रॅम स्निग्धांशात औद्योगिक ट्रान्स फॅट २ ग्रॅमपेक्षा अधिक नको. असा निर्बंध घालणारा तो जगातील पहिला देश.

अमेरिकेने आधी २००६ पासून वेष्टनावर प्रमाण छापण्याची सक्ती केली. ही तेले वगळण्याचा निर्णय २०१५ मध्ये घेतला. डेन्मार्कने मात्र निवडीचा भार ग्राहकावर टाकलाच नाही. पेस्ट्री राहिली, चवही राहिली. बदलला तो स्निग्ध पदार्थ.

आपल्याकडेही ही मर्यादा २०२१ मध्ये ३ टक्के आणि जानेवारी २०२२ पासून २ टक्के झाली. परंतु खारी, नानकटाई, टोस्ट यांपैकी बराच माल सुटा विकला जातो. त्यावर ना वेष्टन, ना तपशील. तेथे कायद्याची अंमलबजावणी हाच खरा प्रश्न आहे.

पेस्ट्री निर्दोष आहे, असे मुळीच म्हणावयाचे नाही. लोण्यातील संपृक्त स्निग्धांश आणि साखर शिल्लक राहतेच. मधुमेही रुग्णास आपण सांगतो ते पथ्य योग्यच आहे. परंतु ‘बाहेरचे खाऊ नका’ एवढे सांगून आपले कर्तव्य संपते काय? चहासोबत खारी खाणाऱ्या कष्टकऱ्याला ती कशात भाजली हे कळण्याचा मार्ग नाही. तो प्रश्न त्याच्या वतीने आपणच विचारावयास हवा. प्रत्येक स्थानिक वैद्यकीय संघटनेने वर्षातून एकदा बेकरीचालकांशी आणि अन्नसुरक्षा अधिकाऱ्यांशी बैठक घ्यावी, सुट्या मालाची तपासणी मागावी, आणि आपल्या परिषदांच्या चहापानापासून आरंभ करावा. त्या बश्यांतील खारी कोणत्या तुपात झाली, हे आपल्यापैकी किती जण सांगू शकतील?