चित्रकला फक्त ७ गुणांपुरती?

इंटरमिजिएट ड्रॉइंगला ‘ए’ ग्रेड आली की दहावीला ७ गुण वाढतात. मग रंगपेटी माळ्यावर! पोरगं कलेला जातो म्हणालं की घरचे विचारतात, “ड्रॉइंग मास्तर होणार का?”

अहो, निवडणूक निकालाच्या दिवशी टीव्हीवर हलणारे नकाशे-आकडे कोण करतं? मोशन ग्राफिक्सवालेच! सॉफ्टवेअर काही महिन्यांत येतं. रेषा, रंग, अक्षरांची जाण यायला वर्षं लागतात. ती कलेच्या शिक्षणातून येते.

‘ब्लेंडर’ तर फुकट मिळतं. त्यावर केलेल्या ‘फ्लो’ सिनेमाला २०२५ मध्ये ऑस्कर मिळालं. पालकांनो, जाहिरात बघून क्लासला लाखभर भरण्याआधी पोराला स्वतःच्या कामाची मिनिटभराची शोरील करू द्या.

आणि कला महाविद्यालयांनो, संगणक खोलीला कुलूप असेल तर ते आधी काढा!