जेनेरिक : दोष औषधाचा की दुकानाचा?

रक्तदाबाच्या गोळ्या संपल्या म्हणून मागच्या महिन्यात आमच्या पेठेतल्या औषधांच्या दुकानात गेलो. चिठ्ठीवर एका कंपनीने ठेवलेले नाव होते. याच घटकाची स्वस्त गोळी आहे का, असे सहज विचारले. काउंटरमागचा तरुण हसला. "काका, जेनेरिक घेऊ नका. त्याला पॉवर नसते." त्याच्या मागे भिंतीवर फार्मासिस्टचे नोंदणी प्रमाणपत्र चौकटीत लावले होते. त्यावरचे छायाचित्र मात्र त्या तरुणाचे नव्हते.

'पॉवर नसते' म्हणजे काय? ॲम्लोडिपिनची ५ मिलिग्रॅमची गोळी कोणत्याही वेष्टनात ५ मिलिग्रॅमचीच असावी लागते आणि दोहोंना औषधकोशाची कसोटी एकच. या औषधाचे पेटंट केव्हाच संपले आहे. त्या दुकानात ॲम्लोडिपिनच्या नावाने जी दहा नामांकित पाकिटे मांडली होती, ती सगळी वस्तुतः जेनेरिकच! फरक वेष्टनावरच्या नावाचा आणि किमतीचा.

गुणवत्तेची शंका सर्वस्वी निराधार आहे, असे म्हणण्याचे कारण नाही. औषध रक्तात सारख्याच प्रमाणात उतरते की नाही, ही चाचणी आपल्याकडे ठरावीक वर्गांतील औषधांना सक्तीची झाली ती २०१७ साली. परंतु ही उणीव नामांकित गोळीलाही तितकीच लागू पडते. २०२५ साली छिंदवाड्यात लहान मुलांचे बळी घेणारे खोकल्याचे औषध काही बिननावाचे नव्हते. नाव म्हणजे हमी, हा समज तेथेच ढासळायला हवा होता.

मग औषध विक्रेत्याला हे कळत नाही काय? अनेकांना कळते. पण २०१३ च्या किंमत नियंत्रण आदेशात शासनाने कमाल किंमत ठरविलेल्या औषधांवर त्याचा वाटा १६ टक्के धरला आहे. शंभर रुपयांचे सोळा आणि दहा रुपयांचा दीड! स्वस्त गोळीची शिफारस करणारा आपल्याच गल्ल्यात हात घालतो. याची दुसरी बाजू अधिक संतापजनक आहे. काही कंपन्या हाच माल 'जेनेरिक' म्हणून दुकानदाराला अल्प दरात देतात आणि छापील किंमत मात्र चढी ठेवतात. मधला फरक दुकानात राहतो. म्हणजे जेनेरिकला नावे ठेवणारेच ते पूर्ण किमतीला विकून मोकळे!

कायद्याची तऱ्हाही न्यारीच. औषधविषयक नियमांतील ६५ (११ अ) नुसार 'एच' परिशिष्टातील औषधाच्या जागी दुसरे, अगदी त्याच घटकाचेही, विक्रेत्याला देता येत नाही. औषधशास्त्र शिकलेल्या माणसाला आपण कायद्यानेच वाण्याच्या पंक्तीला बसविले. १९७५ मध्ये हाथी समितीने ब्रँडनावे टप्प्याटप्प्याने हटविण्याची शिफारस केली होती. ती धूळ खात पडली. २००८ मध्ये जनऔषधी केंद्रे सुरू झाली आणि आज ती हजारोंच्या संख्येने आहेत, हे स्वागतार्हच. पण रात्री अकराला ताप चढला की माणूस कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्येच जातो. २०२३ च्या ऑगस्टमध्ये राष्ट्रीय वैद्यक आयोगाने डॉक्टरांना जेनेरिक नाव लिहिण्याची सक्ती केली आणि त्याच महिन्यात ती स्थगितही केली. डॉक्टरांचा आक्षेप असा की, मग निवड विक्रेत्याच्या हाती जाईल आणि तो नफा पाहील.

आक्षेप खरा आहे! म्हणूनच नफ्याचे गणित बदला. टक्केवारीऐवजी प्रत्येक औषधामागे ठरावीक मोबदला द्या, रुग्णाच्या संमतीने समान घटकाचे औषध देण्याची मुभा द्या. स्वीडनमध्ये २००२ पासून फार्मासिस्ट स्वस्त पर्याय देतात; अमेरिकेतही दहापैकी सुमारे नऊ चिठ्ठ्यांवर जेनेरिकच दिले जाते. त्यातला मोठा वाटा भारतीय कारखान्यांचा असतो, हे त्या 'पॉवर'वाल्या तरुणाला कोणी सांगितले नसावे.

नियम बदलायला वेळ लागेल. तोवर भिंतीवरच्या चौकटीतला गृहस्थ प्रत्यक्ष काउंटरवर उभा असतो की नाही, एवढे तरी अन्न व औषध प्रशासनाने पाहावे.