धुळीची बातमी कोपऱ्यात का?

परग्रहावरच्या जीवसृष्टीबद्दल काही छापून आलं की आमच्या कट्ट्यावर माझी टर उडते. ‘काय साहेब, आले का तुमचे पाहुणे?’ सहकारी बँकेत उभा जन्म खतावणीत घातलेल्या माणसाला हा नाद लागावा, याचं मंडळींना नवल वाटतं. मला वाटत नाही. संध्याकाळी मेळ बसला नाही की आधी आपली बेरीज तपासायची, मग व्हाउचरं. चोरीचा संशय सगळ्यात शेवटी. हा शोधही असाच चालतो, फक्त तसा छापला जात नाही.

हंस तारकासमूहातल्या केआयसी 8462852 या ताऱ्याचंच घ्या. केप्लर दुर्बीण 2009 ते 2013 दीड लाखावर ताऱ्यांचा प्रकाश मोजत होती. ग्रह आडवा गेला की प्रकाशात ठरावीक काळाने बारीकशी खाच पडते. संगणक ती हुडकत होता. ‘प्लॅनेट हंटर्स’ उपक्रमात घरबसल्या आलेख चाळणाऱ्या हौशी लोकांना मात्र इथे भलतंच दिसलं. ठिपक्यांची ओळ सरळ चाललेली, आणि मध्येच खड्डा. एकदा 15 टक्के प्रकाश गायब, पुढे एकदा 22 टक्के, आणि वेळेचा काही धरबंध नाही. गुरूएवढा ग्रहसुद्धा जेमतेम टक्काभर प्रकाश अडवतो! 2015 मध्ये हे जाहीर झालं आणि ताऱ्याभोवती कुणी महाकाय बांधकाम उभारलंय की काय, अशी चर्चा जगभर रंगली. मथळ्याला प्रश्नचिन्ह जोडलं की काहीही खपतं.

पुढचा भाग मला जास्त आवडतो. शास्त्रज्ञ टॅबेथा बोयाजियन यांनी दुर्बिणीच्या वेळेसाठी लोकांकडे वर्गणी मागितली. एक लाख डॉलरवर जमली. 2017 मध्ये तारा पुन्हा मंदावला, तेव्हा दुर्बिणी तयारच होत्या. निळा प्रकाश जास्त अडत होता, लाल कमी. भिंतीसारखी भरीव वस्तू सगळे रंग सारखेच अडवते; असा भेदभाव बारीक धूळ करते.

लोकांनी पदरचे पैसे घालून ‘पाहुणे नाहीत’ हे उत्तर मिळवलं, याचं मला भारी कौतुक आहे. पण माझ्या कात्रणांच्या फायलीत बांधकामाच्या बातमीला अर्धं पान आहे आणि धुळीची बातमी वधू-वर जाहिरातींच्या शेजारी कोपऱ्यात. संपादकांना माझं एवढंच सांगणं आहे: प्रश्न ज्या पानावर जेवढ्या टायपात छापता, त्याच पानावर तेवढ्याच टायपात उत्तरही छापा. शिवाय ती धूळ आली कुठून, याचा हिशेब अजून पुरता लागलेला नाही. त्यावर एखादा लेख आला तर कात्रण कापायला मी कात्री घेऊन बसलोच आहे.