एचआयव्हीची गोळी सुरू करण्याआधी डॉक्टर एवढे प्रश्न का विचारतात?

एचआयव्हीचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला की लगेच उपचार, हे धोरण भारतात २०१७ पासून आहे. त्याआधी रक्तातल्या सीडी४ पेशी ठरावीक आकड्याखाली जाईपर्यंत थांबावं लागायचं. हा आकडा आधी २०० होता, मग ३५०, मग ५००. आता ती अट नाही. सरकारी एआरटी केंद्रात औषध मोफत मिळतं आणि रुग्णाची तयारी असेल तर काही दिवसांतच, कधी त्याच दिवशी, गोळी सुरू होते.

पण यवतमाळच्या श्री वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात जा किंवा राज्यातल्या दुसऱ्या कुठल्याही एआरटी केंद्रात, गोळी हातात पडण्याआधी प्रश्न आणि तपासण्या असतातच. खोकला आहे का? आधी कावीळ झाली होती का? दुसरी कुठली औषधं चालू आहेत? अनेकांना ही नसती चौकशी वाटते. प्रत्यक्षात गोळी किती सुरक्षित ठरणार, हे बरंचसं याच उत्तरांवर अवलंबून असतं.

गोळीत असतं काय?

बहुतेक प्रौढांना आज 'टीएलडी' ही गोळी दिली जाते. टेनोफोविर, लॅमिव्हुडिन आणि डोलुटेग्राविर ही तीन औषधं एकाच गोळीत. दिवसातून एकदाच घ्यायची. जुन्या औषधांपेक्षा त्रास कमी. पूर्वीच्या झिडोव्हुडिनने काहींचं रक्त कमी व्हायचं, नेव्हिरॅपिनने अंगावर पुरळ यायचं, यकृताला सूज यायची.

या गोळीने किडनी जाते का?

ही भीती अगदीच निराधार नाही. टेनोफोविरचा परिणाम काही जणांच्या किडनीवर होऊ शकतो. म्हणूनच रक्तातलं क्रिएटिनिन आणि लघवी तपासतात. किडनी आधीच कमजोर असेल तर टेनोफोविर टाळून दुसरं औषध देता येतं.

यवतमाळसाठी इथे एक गोष्ट जास्त महत्त्वाची. विदर्भातल्या सिकलसेल आढळणाऱ्या जिल्ह्यांत यवतमाळही आहे. सिकलसेलच्या आजारात किडनीवर परिणाम होऊ शकतो आणि तरीही क्रिएटिनिनचा आकडा सुरुवातीला नॉर्मल दिसू शकतो. त्यामुळे घरात कुणाला सिकलसेल असेल, किंवा शाळेत, आरोग्य शिबिरात मिळालेलं सिकलसेलचं कार्ड असेल, तर ते डॉक्टरांना दाखवा.

आणखी एक. डोलुटेग्राविरमुळे पहिल्या काही आठवड्यांत क्रिएटिनिन थोडं वाढलेलं दिसतं. किडनीला इजा न होताही हा आकडा वाढतो. तो पाहून स्वतःच गोळी बंद करू नका, रिपोर्ट डॉक्टरांना दाखवा.

टीबी आधी का शोधतात?

खोकला, ताप, वजन घटणं, रात्री घाम येणं. या चारपैकी एक जरी लक्षण असलं तरी टीबीची तपासणी होते. शरीरात टीबी लपलेला असताना एआरटी सुरू झाली, तर सुधारलेली प्रतिकारशक्ती त्या जंतूंवर एकदम तुटून पडते आणि रुग्णाची तब्येत अचानक बिघडू शकते. 'गोळी घेतली आणि माणूस जास्तच आजारी पडला', असं जे ऐकू येतं, त्यामागे कधी कधी हेच असतं.

म्हणून टीबी सापडला तर आधी टीबीचे औषध, मग साधारण दोन आठवड्यांत एआरटी. टीबी मेंदूच्या आवरणापर्यंत पोहोचला असेल तर आणखी थांबावं लागतं. शिवाय टीबीवरच्या रिफॅम्पिसिनमुळे डोलुटेग्राविरचा असर कमी होतो. अशा रुग्णांना बारा तासांनी डोलुटेग्राविरची एक जादा गोळी दिली जाते.

काविळीचा काय संबंध?

टेनोफोविर आणि लॅमिव्हुडिन ही दोन्ही औषधं हिपॅटायटिस बी म्हणजे 'कावीळ ब'च्या विषाणूवरही काम करतात. हा फायदाच. पण दोन्ही आजार असलेल्या माणसाने मध्येच गोळी सोडली, तर कावीळ उसळून यकृताला गंभीर इजा होऊ शकते. आपल्याला 'कावीळ ब' आहे की नाही, हे सुरुवातीलाच माहीत असलेलं बरं.

कोणती औषधं सांगायलाच हवीत?

- फिटची औषधं : कार्बामॅझेपिन, फेनिटोइन, फेनोबार्बिटोन. यांनी डोलुटेग्राविर कमी पडतं.
- मधुमेहाचं मेटफॉर्मिन : रक्तात त्याचं प्रमाण वाढतं, डोस बदलावा लागू शकतो.
- लोह, कॅल्शियम आणि अ‍ॅसिडिटीची काही औषधं : एआरटीची गोळी यांच्या दोन तास आधी किंवा सहा तासांनंतर घेणं सुरक्षित. गरोदर बाईला लोहाच्या गोळ्या चालू असतातच, तिने वेळा नीट विचारून घ्याव्यात.
- काढे, भस्म, जडीबुटी : त्यात नेमकं काय आहे हे कळत नाही, म्हणूनच सांगायचं.

लपवलं तर?

सगळ्यात जास्त लपवली जाते ती एक गोष्ट : आधी दुसरीकडे एआरटी घेतली होती, ही. वणीच्या माणसाला चंद्रपूर जवळ, उमरखेडच्या माणसाला नांदेड. कुणी अंतरामुळे, कुणी ओळखीचं भेटेल या धास्तीने दुसऱ्या जिल्ह्यात नाव नोंदवतो, मग औषध सुटतं आणि पुढे नवीन केंद्रात 'पहिल्यांदाच आलोय' म्हणून सांगतो. पण सुटलेल्या औषधाला विषाणू सरावलेला असू शकतो. डॉक्टरांना ते माहीतच नसेल तर चुकीचं औषध सुरू होतं. केंद्र रीतसर बदलून मिळतं, त्यासाठी खोटं बोलावं लागत नाही.

नाव फुटेल ही भीती खरी आहे, पण त्यासाठी कायदा आहे. १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झालेल्या एचआयव्ही-एड्स कायद्यानुसार संमतीशिवाय चाचणी करता येत नाही आणि कायद्यात दिलेले अपवाद सोडले तर तुमची माहिती परवानगीशिवाय उघड करता येत नाही.

मग गोळीला घाबरायचं का?

नाही. उपचार न घेणं हे या गोळीच्या दुष्परिणामांपेक्षा कितीतरी धोकादायक आहे. बहुतेकांची गोळी काही दिवसांत सुरू होते, साध्या तपासण्यांसाठी ती महिनोन् महिने अडवून ठेवत नाहीत. पहिल्या भेटीला चालू औषधांची पाकिटं, जुने रिपोर्ट आणि सिकलसेल कार्ड एका पिशवीत घालून न्या. शंका असेल तर १०९७ या मोफत हेल्पलाइनवर विचारा. आणि सुरू केलेली गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय थांबवू नका.