अन्नसुरक्षेच्या कायद्यात कंद नाही, वनहक्काच्या कायद्यात आहे!

देशातील सुमारे ८० कोटी जनतेला दरमहा माणशी ५ किलो धान्य फुकट दिले जाते, याचा मोठा गाजावाजा शासन करते. १ जानेवारी २०२४ पासून पाच वर्षांसाठी ही योजना वाढविलेली आहे. हे धान्य कोणाची मेहरबानी नाही. २००१ साली पीयूसीएलने सर्वोच्च न्यायालयात अन्नाच्या हक्काचा दावा लावला, जगण्याच्या हक्कात पोटभर अन्न येते की नाही असा सवाल केला, आणि पुढे २०१३ चा राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायदा आला. परंतु या कायद्याच्या कलम २ मध्ये अन्नधान्याची व्याख्या काय आहे? तांदूळ, गहू किंवा भरड धान्य. बस्स! जमिनीखाली वाढणारे काहीही त्यात बसत नाही. आधारभूत किंमत जाहीर होणाऱ्या २२ पिकांतही एकसुद्धा कंद नाही. कागदोपत्री या देशात कंद हे अन्नच नाही.

आता राजूरला या. अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील अकोले तालुक्याचे हे बाजाराचे गाव. एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाचे कार्यालय इथेच आहे. भोवतालच्या डोंगरांत महादेव कोळी आणि ठाकर समाज राहतो, आणि गावागावांत आमची बौद्ध समाजाची घरे आहेत. शेती भाताची, नागलीची, वरईची. पाऊस धो धो आणि जमीन तुटपुंजी. धान्याची कणगी रिकामी झाली की रान उपयोगी पडते. करांदा, कोनफळ, शेंडवेल हे सगळे एकाच कुळातले वेल. पावसाळ्याच्या तोंडावर शेंडवेलीचे कोवळे कोंब भाजीला येतात. वेल वाळला की खाली कंद तयार असतो, आणि गरज पडेपर्यंत तो तिथेच राहतो. त्याला ना गोदाम लागते, ना पोते, ना दुकानदाराचे अंगठ्याचे यंत्र. कडू करांदा तसाच खाल्ला तर त्रास होतो. तो चिरून, राखेच्या पाण्यात उकडून, पुन्हा पुन्हा धुऊन कडूपणा काढावा लागतो. कोणता कंद किती वेळ उकडायचा, कोणता वाहत्या पाण्यात ठेवायचा, हे ज्ञान बायांच्या हातात आहे. याच तालुक्यातील कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना गावठी बियाणे जपल्याबद्दल २०२० साली पद्मश्री जाहीर झाली. आनंद आहे. पण बियाणे जपणाऱ्या बाईला पदक, आणि रानातून कंद आणणाऱ्या बाईला गार्डाची दमदाटी, हा कुठला न्याय?

या व्यवस्थेची गंमत पाहा. महाशिवरात्रीला शहरातल्या घरात रताळे आणि कोनफळ आले की तो पवित्र फराळ. तोच कंद डोंगरातल्या माणसाने भुकेपोटी खाल्ला की बातमी होते, ‘कंदमुळे खाऊन दिवस काढण्याची वेळ’. एकाचा उपवास पुण्याचा आणि दुसऱ्याची उपासमार लाजेची! अन्नालाही जात चिकटविणाऱ्या समाजाकडून दुसरी अपेक्षा काय करणार?

जगात सगळीकडे असे नाही. पश्चिम आफ्रिकेत याच कुळातला कंद हे मुख्य अन्न आहे. जगातील एकूण उत्पादनापैकी सुमारे दोन तृतीयांश एकट्या नायजेरियात होते. तिथल्या इग्बो समाजात कंदांनी भरलेली वखार ही घराची श्रीमंती मानली जाई आणि नव्या कंदाचा सण आजही साजरा होतो. अर्थात नायजेरियाही गहू बाहेरून आणतेच. कंदाची शेती मेहनतीची, बेण्यासाठी पिकातला मोठा हिस्सा राखून ठेवावा लागतो, आणि ताज्या कंदात जवळजवळ ७० टक्के पाणी असते. किलोला किलो मोजले तर तांदळाच्या साधारण एक तृतीयांश उष्मांक भरतो. प्रथिने त्याहून कमी. तेव्हा ‘आदिवासींना कंद आहेत, रेशन कशाला?’ असे उद्या कोणी म्हणाले तर ती शुद्ध बदमाशी समजावी. रेशनचा एक दाणाही कमी होता कामा नये. कंद हवा तो रेशनच्या जोडीला.

आणि तो हक्काने हवा. २००६ च्या वनहक्क कायद्यात गौण वनोपजाची व्याख्या आहे, तिच्यात मुळे आणि कंद हे शब्द स्पष्ट लिहिलेले आहेत. कलम ३(१)(ग) प्रमाणे ते गोळा करण्याचा, वापरण्याचा, विकण्याचा आणि मालकीचा हक्क वननिवासींना आहे. राजूरच्या पश्चिमेला कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य १९८६ साली जाहीर झाले, तेव्हापासून तिथल्या रानाकडे मना केलेला माल म्हणून पाहिले जाते. परंतु या कायद्यातील वनजमिनीच्या व्याख्येत अभयारण्येही येतात. भंडारदऱ्याचे धरण १९२६ साली पुरे झाले, त्याच्या पाण्यावर प्रवरेच्या खालच्या अंगाला ऊस उभा राहिला; वरच्या माणसाला निदान करांदा तरी खणू द्याल की नाही?

इथे आमच्या बांधवांनी एक पेच नीट समजून घ्यावा. १३ डिसेंबर २००५ पूर्वीचे वास्तव्य आदिवासींनाही दाखवावे लागते. पण आमच्या माणसांची गणना ‘इतर पारंपरिक वननिवासी’ म्हणून होते, आणि त्यांच्याकडून त्या तारखेआधीच्या तीन पिढ्या म्हणजे ७५ वर्षांचा पुरावा मागितला जातो. ज्यांच्या आजोबांच्या नावावर सातबारा कधी चढलाच नाही, त्यांनी कागद आणायचा कुठून? एकट्यादुकट्याने दावा केला की अशी घरे गळतात, आणि आदिवासी विरुद्ध बौद्ध असे भांडण लावून देणे सोपे जाते. बाबासाहेबांनी १९४७ साली ‘राज्ये आणि अल्पसंख्याक’ मध्ये जमीन जातपात न पाहता गावकऱ्यांना सामुदायिकपणे कसायला द्यावी असे मांडले होते. त्याच वाटेने जायचे तर दावा ग्रामसभेने सामूहिक करावा, नमुना ‘ख’ मध्ये, सगळ्या घरांची नावे घेऊन. नियम १३ प्रमाणे गॅझेटियर हा पुरावा चालतो, आणि दावेदार नसलेल्या गावातील वृद्धांचे लेखी जबाबही चालतात. एकापेक्षा अधिक पुरावे मात्र हवेत. जबाब घेताना म्हाताऱ्यांना फक्त ‘वनोपज गोळा करतो’ एवढेच म्हणायला लावू नका. हिरड्याला व्यापारी असतो म्हणून त्याचे नाव कागदावर येते, करांदा राहून जातो. कोणत्या डोंगराच्या कोणत्या अंगाला कोणता कंद, कोणत्या महिन्यात, कोण खणत असे, हे त्यांच्याच बोलीतल्या नावांसह लिहून घ्या आणि खाली अंगठा किंवा सही घ्या.