घोळ कुंडीतच बरी

चेन्नईचा खरा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबरचा. तो सुरू झाला की अण्णा नगरच्या फुटपाथच्या फटींत, कंपाउंडच्या कडेला घोळ उगवते. तांबूस, रसरशीत देठ, बोटात चुरडली जाणारी जाड पानं, जमिनीसरसा पसारा. महाराष्ट्रातून इथं स्थायिक झालेल्या माणसाला ती गावाकडच्या शेताच्या बांधावरून ओळखीची असते. तिथली रानभाजी इथं परुप्पु कीरै म्हणून डाळीत घोटली जाते. शेजारच्या कोयंबेडूच्या बाजारात इतर कीरैच्या, म्हणजे पालेभाज्यांच्या, जुड्यांसोबत तीही मिळते.

मग दारातली फुकटची घोळ खुडायला काय हरकत आहे?

हरकत मातीची आहे. अण्णा नगरचा हा सगळा भाग मूळचा नडुवक्करै गावाचा. १९६८ साली इथं मोठा व्यापार मेळा भरला, इथल्या उद्यानात मनोरा उभा राहिला आणि त्यामागून वस्ती वाढत गेली. आज इथल्या हमरस्त्यांवरून दिवसभर गाड्या धावतात, ओट्टेरीचा नाला वस्तीतूनच वाहतो. देशात शिसंयुक्त पेट्रोल २००० साली बंद झालं, पण रस्त्याकडेच्या मातीत मुरलेलं शिसं इतक्या वर्षांत कुठं गेलेलं नाही. घोळ जमिनीतले जड धातू शोषून घेते आणि नळाखाली कितीही धुतली तरी ते निघत नाहीत. त्यात सांडपाणी आणि भटकी कुत्री. फुटपाथवरची घोळ पाहावी, ताटात घेऊ नये.

दुसरा धोका चुकीच्या ओळखीचा. नायटी ही रानवनस्पतीही अशीच जमिनीलगत पसरते आणि कित्येकदा घोळीच्या शेजारीच उगवते. परीक्षा सोपी आहे. देठ मोडावा. पांढरा चीक आला तर ती घोळ नव्हे. तो चीक कातडीला आणि डोळ्यांना झोंबतो, म्हणून हात लगेच धुवावेत. चीक नाही म्हणून मात्र ती घोळच असंही नाही. घोळीचं फूल छोटं, पिवळं असतं आणि उन्हात उमलतं. एका रोपाला फूल येईपर्यंत थांबावं आणि खात्री पटली तरच बाकीची खुडावीत.

त्यापेक्षा घरी लावणं सोयीचं. तामिळनाडूच्या फलोत्पादन खात्याने २०१३-१४ मध्ये चेन्नई आणि कोइम्बतूरकरांसाठी गच्चीवरच्या भाजीबागेचे अनुदानित संच आणले होते. घोळीला तेवढाही सरंजाम लागत नाही. बाजारातल्या जुडीचे चार जाड देठ उथळ कुंडीत खोचले तरी मुळं धरतात. बी पेरायचं तर वर माती लोटू नये, कारण त्या काळ्या बारीक बियांना रुजायला उजेड लागतो. चेन्नईचं ऊन तिला मानवतं, साचलेलं पाणी मानवत नाही. म्हणून कुंडीला भोकं हवीत आणि मुसळधार पावसात ती आडोशाला हवी. फुलं धरण्याआधीचे कोवळे शेंडे खुडले की पुन्हा फुटवे येतात. पहाटे खुडलेली पानं जास्त आंबट लागतात, कारण पाण्याची ओढ असेल तेव्हा हे झाड रात्री आम्ल साठवतं आणि दिवसा ते वापरून टाकतं.

घोळीत ओमेगा-३ गटातलं मेदाम्ल इतर पालेभाज्यांपेक्षा चांगल्या प्रमाणात असतं. ऑक्झॅलेटही भरपूर असतं. भाजी उकडून वरचं पाणी टाकलं की त्यातलं बरंच निघून जातं आणि दही-ताकातलं कॅल्शियम उरलेल्यातलं काही बांधून ठेवतं. आपल्याकडची घोळीची ताकातली पातळ भाजी या हिशेबाने अगदी शहाणपणाची आहे.

तेव्हा घोळ जरूर लावा, कोवळी असताना खुडा, शिजवून खा, पण रोज नको. ज्यांना मुतखडा झालेला आहे किंवा मूत्रपिंडाचा विकार आहे, त्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं आणि मगच खावी.