खाली कोळसा त्यांचा, वर तडा आमचा

दोस्तांनो, 26 ऑगस्ट 2022 ला चंद्रपूर जिल्ह्यातल्या घुग्घुसच्या अमराई वॉर्डात एक अख्खं घर जमिनीनं गिळलं. माणसं वेळेवर बाहेर पडली म्हणून वाचली. खाली जुनी भुयारी खाण होती. याला कुणी दैवाचा कोप म्हणत असेल तर त्याला तोंडावर सांगा, दैवाला कोळसा लागत नाही.

भुयारी खाणीत छत पेलायला कोळशाचेच खांब सोडतात. शेवटी तेही काढतात, त्याला डिपिलरिंग म्हणतात. पोकळीत वाळू भरायची, ते स्टोइंग. वाळूला पैसा लागतो. वाळू भरली नाही, अर्धीमुर्धी भरली, तर आज ना उद्या छत बसतं आणि वरचं घरही बसतं. वाळूचा वाचलेला पैसा खाणवाल्याच्या खिशात, तडा वरच्या भिंतीत. हिशेब एवढाच आहे.

शहरात शिकलेली आपली पोरं मला म्हणतात, मग घरांचा विमा काढा ना! मी एजंट नाही, वकीलही नाही. पण 1 एप्रिल 2021 पासून जी ‘भारत गृह रक्षा’ पॉलिसी सगळ्या कंपन्या विकतात, तिचा कागद ओळ न् ओळ वाचला. वर लिहिलंय, घराखालची जमीन खचली तर भरपाई. वा! मग खाली सरका. भराव टाकलेली जमीन खचली तर नाही. बांधकामातल्या दोषानं पडलं तर नाही. खोदकामामुळे नुकसान झालं तर नाही. आता खाण म्हणजे खोदकाम नाही तर काय भजनीमंडळ? कंपनी त्या एका शब्दावर बोट ठेवील आणि आपला माणूस कोर्टाच्या पायऱ्या झिजवील. शिवाय भरपाई बांधकामाच्या खर्चाची, जमिनीची नाही. जमीनच गेली तर विटा रचायच्या कुठं?

आणि विमा कुणाच्या घराचा? खाणीच्या जागेवर तीन पिढ्या राहिलेल्या मजुराकडं ना सातबारा, ना खरेदीखत. ज्या घरात तुमचा कायदेशीर हितसंबंध दाखवता येत नाही, त्याचा विमा उतरत नाही. गावकुसाबाहेर जमीन कुणी दिली नाही आणि खाणीवर आलो तर कागद कुणी दिला नाही.

परदेशात काय चालतं तेही बघू. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियाच्या एका कोळसा कंपनीनं 1878 मध्ये वरची जमीन विकली आणि खालचा कोळसा स्वतःकडं ठेवला. घर खचलं तर तक्रार नाही, हे खरेदीखतातच लिहून घेतलं. घरं वाचवायला 1921 मध्ये कायदा झाला, तो 1922 मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टानं कंपनीच्या बाजूनं उडवला. 1961 मध्ये राज्यानं खाण खचण्याचा स्वतंत्र विमा सुरू केला, कारण साध्या घरविम्यात ते नुकसान बसतच नव्हतं. पण हप्ता कुणी भरायचा? घरवाल्यानं! 1966 मध्ये पुन्हा कायदा झाला, तो 1987 मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी टिकला. इलिनॉयनं 1979 च्या कायद्यानं खाणपट्ट्यातल्या जिल्ह्यांत घरविम्यातच हे संरक्षण आपोआप जोडलं, नको असेल तर लेखी नकार द्यायचा. ब्रिटनचा 1991 चा कायदा पुढं गेला. तडा खाणीचा असावा असं दिसलं, तर तो खाणीचा नाही हे खाणवाल्यानं सिद्ध करायचं. घरवाल्यानं भूगर्भशास्त्र शिकायचं नाही.

आपल्याकडं झरियात 1916 पासून कोळसा जळतोय. मालक गेले, खाणी सरकारच्या झाल्या, आग राहिली. 2009 मध्ये 7,112 कोटींचा मास्टर प्लॅन मंजूर झाला. 24 मे 2017 ला झरियाच्या इंदिरा चौकात बाप-लेक जमिनीत गेले. 2025 मध्ये 5,940 कोटींचा सुधारित प्लॅन आला. या पुनर्वसनातही माणसांच्या दोन जाती पाडल्या: कागदवाले आणि बिनकागदवाले. घर एकाच भेगेत जातं, पण भरपाईची रांग वेगळी.

म्हणून माझं म्हणणं साफ आहे. विमा हवा, पण हप्ता घरवाल्यानं का भरायचा? ज्यानं खांब काढले त्यानं भरावा. हे काही आभाळातून पडलेलं स्वप्न नाही. 1939 च्या कायद्यानं स्टोइंगसाठी कोळशावरच कर बसवला होता. डिसेंबर 1943 मध्ये बाबासाहेब मजूरमंत्री म्हणून धनबादच्या पट्ट्यात गेले, स्वतः खाणीत उतरले. 1944 मध्ये खाणमजूर कल्याण निधीचा वटहुकूम निघाला, पैसा कोळशावरच्या उपकरातून. तोच न्याय वरच्या घराला लावा. प्रत्येक टनामागं उपकर, त्यातून खचलेल्या घरांचा निधी. राहतो तो हक्कदार, कागद असो वा नसो. तडा खाणीचा नाही हे खाणवाल्यानं सिद्ध करावं. भरपाईत जागेची किंमतही धरावी. आणि भुयारांचे नकाशे वस्तीच्या चावडीवर लागावेत.

तोवर हातावर हात ठेवून बसायचं नाही. खाणपट्ट्यातल्या वस्त्यांत जा. घराघरातल्या तड्यांचे फोटो काढा, तारीख टाका. वीजबिल, रेशनकार्ड, मतदारयादी, जो पुरावा मिळेल तो गोळा करा. भेग रुंदावतेय की नाही ते दर महिन्याला मोजा आणि वहीत लिहा. साहेबाच्या टेबलावर ती वही आपटली की त्याला कागद मिळेल. कागदाशिवाय त्याला ऐकूच येत नाही.

जय भीम.